बिननावाची तीन बोटं

“गोविंदबाबा,” असं म्हणून दादानं कालवलेल्या कुंकवात बोट बुडवलं आणि उंबरठ्यावर पहिली उभी रेघ ओढली. “रखमाआजी.” दुसरी. “विठोबाआबा.” तिसरी.

मी माजघरात पाटावर बसून मोजत होते. मोजायची मला लहानपणापासून खोड. जिन्याच्या पायऱ्या, ताटातल्या पोळ्या, लग्नातल्या पंगती, काही म्हणून सुटत नाही. पुढे नाशिकच्या शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा घरच्यांनी म्हटलं, बरं झालं, खोडीचं काहीतरी झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात घरोघर पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर पाण्याचा लोटा, त्यावर डांगर, म्हणजे तुमचं खरबूज, बाजूला सांजोऱ्या आणि आंबा. त्याआधी घरातला कर्ता पुरुष उंबरठा पुजतो आणि गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट ओढतो. नाना, म्हणजे माझे वडील, होते तोवर हे काम त्यांचं होतं. ते गेल्यावर माझ्या थोरल्या भावाकडे, प्रल्हाददादाकडे आलं.

आठवं नाव नानांचं आलं. मग दादानं पुन्हा बोट बुडवलं आणि काही न बोलता आणखी तीन रेघा ओढल्या. त्या जरा आखूड होत्या.

आठ नावं, अकरा बोटं. माझ्या लहानपणी सात नावं आणि दहा बोटं असायची. मी दुसरीत असताना नानांना विचारलं होतं, “नाना, ही तीन कोणाची?” ते म्हणाले होते, “ज्यायची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, त्यायची.” मला ते इतकं आवडलं की पुढे ‘माझे वडील’ या निबंधात मी ते लिहिलं. बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता.

खरं तर त्या वर्षी मी माहेरी यायलाच नको होतं. माझा मुलगा चिन्मय तेव्हा आठ वर्षांचा होता आणि नऊ महिन्यांपासून त्याला रक्ताचा कर्करोग होता. पुण्याला एका दवाखान्याजवळ खोली घेऊन आम्ही राहत होतो. औषधांचे फेरे झाले, डोक्यावरचे केस गेले, रोग मागे हटला. पण डॉक्टर इनामदार म्हणाल्या, हा परत येणार. दुसऱ्या कुणाच्या हाडातला मगज, जिथं रक्त तयार होतं तो, याच्या अंगात घातला तरच मूल वाचेल. आम्हा सगळ्यांची रक्तं तपासली. चिन्मयची बहीण केतकी, वय वर्षं तेरा, पूर्णपणे जुळली. सुधाकर, माझा नवरा, कधी डोळ्यांतून पाणी न काढणारा माणूस, दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. केतकीनं भावाला त्याच दिवशी सांगून टाकलं की आता तू जन्मभर माझं ऐकायचंस. तारीख ठरली, आखाजीनंतरचा बारावा दिवस.

डॉक्टरांना एकच गोष्ट खटकत होती. केतकीच्या रक्तातल्या प्लेटलेट थोड्या कमी होत्या. त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि त्यावर चौकोन आणि गोल काढायला सुरुवात केली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, गेलेलं माणूस असेल तर त्यावर तिरकी रेघ.

“दोन्ही घराण्यांत लहानपणी गेलेलं एखादं मूल? कुणाला रक्ताचा आजार? अंगावर निळे डाग, घोळणा फुटणं?”

“घोळणा तर आमच्याकडे सगळ्यांचाच फुटतो,” मी म्हणाले. “खानदेशचं ऊन आहे, डॉक्टर.”

त्या हसल्या नाहीत. “नीट विचारून घ्या. काही घराण्यांत ही खोट जन्मतःच रक्तातून येते. एखाद्यात जन्मभर झोपून राहते, एखाद्यात लहानपणीच जागी होते. तसं असेल आणि ती केतकीतही असेल, तर आपण बहिणीची खोट उचलून भावाला देऊ. त्याची तपासणी परदेशात होते, निकाल यायला दोन महिने लागतात. तेवढे दिवस चिन्मयच्या हातात आहेतच असं नाही. म्हणून कारण असल्याशिवाय मी थांबणार नाही. तुम्ही काय सांगता त्यावर आहे.”

माझ्या सासूबाईंनी एका दुपारी कागद भरून माणसं सांगितली. विहिरीत उडी घेतलेली नणंद, वेड लागून घरातून निघून गेलेला दीर, आणि एका चुलत दिराचा मुलगा, चौथ्या वर्षी काविळीनं गेलेला. “एवढं तर मी माझ्या मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. मी फोनवर मायला हे सांगितलं, तर माय लगेच म्हणाली, “मंग तेच ते. त्यायच्याकडूनच आलं.” काविळीचा याच्याशी संबंध नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मी ते उचलून धरलं. कुणावर तरी खापर फोडायला मला माणूस हवंच होतं. सासूबाईंना मी तोंडावर म्हणाले, “तुमच्या घरातलं आहे हे. भोगतंय माझं पोर.” त्या कणीक मळत राहिल्या.

माहेरचं मी दादाला विचारलं होतं. डॉक्टरांचा कागद हातात धरून एकेक प्रश्न वाचून दाखवला. “लहानपणी गेलेलं मूल” हा तर दोनदा वाचला.

“आपल्याकडे कोणालेच काही नही, नलू,” दादा म्हणाला. “सगळे म्हातारे होऊन गेले. दे लिहून.”

मी लिहून दिलं आणि खाली सही केली.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दादाच्या मुलीचा, हर्षालीचा साखरपुडा होता. माय फोनवर रडली, एकुलती एक आत्या तू, एक दिवस ये. सुधाकर म्हणाला, जाऊन ये, मी आणि आई आहोत चिन्मयजवळ. केतकीला मी बरोबर घेतलं. बारा दिवसांनी तिला भूल देऊन टोचणार होते, त्याआधी पोरगी जरा झोका खेळेल, आंबे खाईल, एवढाच विचार.

तर दादानं अकरावं बोट ओढलं, उठला, हात धुवायला मागच्या दारी गेला. माय चुलीपाशी सांजोऱ्या तळत होती. सकाळीच कासार येऊन हर्षालीला कोपरापर्यंत बांगड्या भरून गेला होता, ती शेजारी मैत्रिणींना दाखवायला गेली होती. अंगणात कडुनिंबाला बांधलेला झोका करकरत होता. मग तो थांबला.

“मम्मी.”

केतकी दारात उभी होती. नाकाखाली हात धरलेला, बोटांच्या फटींतून रक्त मनगटावर उतरत होतं. मी उठेपर्यंत माय उठली होती. सत्तरीची बाई, गुडघे धरून चालणारी, पण अशी धावली की झारा हातातच राहिला. आणि मग तिनं जे केलं ते आमच्या घरात कुणी कधी केलं नसेल. नुकत्याच पुजलेल्या पितरांच्या घागरीवरचं डांगर तिनं खाली लोटलं, लोटा उचलला आणि केतकीच्या डोक्यावर रिता केला. मग घागरीत हात घालून त्यातलंच पाणी ओंजळी ओंजळीनं टाळूवर थापायला लागली.

“हिलेबी,” ती म्हणत होती. “हिलेबी तसंच. माय वं, हिलेबी.”

“माय,” दादा मागच्या दारातून म्हणाला. एवढंच म्हणाला, पण तो आवाज मला ओळखीचा होता. पत्ते खेळताना आपल्या भिडूनं भलतंच पान टाकलं की तो असा हाक मारायचा.

केतकीचं रक्त थांबायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. तिला माजघरातल्या गारव्यात निजवलं, उशाशी फोडलेला कांदा ठेवला. मग मी स्वयंपाकघराचं दार आतून लोटलं. माहेरी आले की माझी बोलीही आपोआप बदलते.

“हिलेबी म्हंजे काय, माय? आणखी कोणाले?”

“उन्हानं व्हते तसं. तुलेबी व्हयाचं.”

“मले व्हयाचं तेव्हा तू असं घागरीत हात घालत नव्हती.”

ती कढईकडे बघत राहिली. तेल तापून धूर यायला लागला होता. मीच कढई उतरवली.

“उंबरठ्यावर आठ नावं आणि अकरा बोटं हायेत. ती तीन कोणाची?”

“नानानं सांगितलं व्हतं ना तुले.”

“नाना मले खोटं बोलले का?”

मी तिच्यासमोर खाली बसले. मला ओरडायचं होतं, पण पलीकडे केतकी होती.

“माय, ऐक. बारा दिवसांनी केतकीच्या हाडातलं काढून चिन्मयच्या अंगात घालणार. तिच्यात जर तेच असलं तर मी माझ्या हातानं पोराले मारीन. ती तीन लहान पोरं असली तर आत्ता सांग.”

मायनं पदरानं कपाळ पुसलं. “सांगते,” ती म्हणाली. “पहिले शपथ घे. हर्षालीचं लग्न व्हईस्तोवर हे ह्या घरातून भायेर जाणार नही. डॉक्टरले सांग, जावईबापूले सांग. गावात नही, सोयऱ्यायले नही, हर्षालीले तं नहीच. चिन्मयच्या गळ्याची शपथ घे.”

मी विज्ञान प्रदर्शनात मुलांकडून भोंदूबाबांचे प्रयोग करून घेणारी बाई. दुसऱ्या कुणाचा गळा असता तर मी हसले असते. पण त्या गळ्याखाली नऊ महिने नळी खुपसलेली मी बघत होते. त्याच्या नावानं मला काही म्हणायचं नव्हतं, आणि न म्हणावं तर माय तोंड उघडत नव्हती. मी शपथ घेतली.

“पहिलं बोट बबीचं,” माय म्हणाली. “तुह्या नानाची धाकटी बहीण. सहा वर्साची. दुसरं मुकुंदाचं. नानाचा भाऊ, नऊ वर्साचा.” बाहेर कुणाच्या तरी घरी बायका आखाजीची गाणी म्हणत होत्या. “तिसरा माहा यशवंत. प्रल्हादच्या आधीचा. पाच वर्साचा व्हता. पहिले निळे डाग, मंग हिरड्यायतून रक्त, मंग ताप. तिघायचं एकच.”

एकेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की मला आणखी एक भाऊ होता. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते फार पुढे. तेव्हा मला फक्त संताप आला होता, आणि संतापात माझी बोली पुन्हा शाळेतली झाली.

“डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

“जळगावच्या डॉक्टरनं रक्ताचा कॅन्सरच म्हटलं व्हतं.”

“आणि गावात?”

“गोवर.” मायनं माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. “रक्त नासलेलं घर म्हणून नाव पडलं असतं, नले. तुले कोणी केली असती? सुधाकररावच्या मामानं विचारलं व्हतं नानाले, घरात काही दुखणं? नाना नही म्हणले. म्हणून तू नाशिकात नांदतेस.”

हे उत्तर तिच्यापाशी केव्हापासून तयार होतं. तिच्या मनानं तिनं माझं कल्याण केलं होतं आणि मी तिचे आभार मानायला हवे होते. मी उठून दार उघडलं तर दादा बाहेरच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं,” मी म्हणाले.

“व्हतं.”

“मी दोनदा वाचलं, दादा. लहानपणी गेलेलं मूल.”

“केतकीचं जुळलं व्हतं ना पूर्ण? मले वाटलं, आता जुन्या गोष्टी उकरून काय व्हणार? उलट डॉक्टर भलतंच काहीतरी काढीन.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “हर्षालीचं हे तिसरं स्थळ हाये. दोन मोडली. हे चांगले लोक हायेत, नलू.”

“तुझ्या पोरीच्या सुपारीसाठी तू माझ्या पोराच्या अंगात काय घालायला निघाला होतास?”

त्यानं माजघरातल्या घागरीकडे पाहिलं. भोवती पाणी सांडलं होतं, डांगर कोपऱ्यात घरंगळत गेलं होतं. “घागर बाटली,” तो म्हणाला. “पुन्हा भरा लागीन.”

मी सहावीत नापास होता होता वाचले तेव्हा रात्रंदिवस माझ्याकडून अपूर्णांक घोटून घेणारा भाऊ हाच. माझ्या लग्नात मांडवामागे जाऊन रडलेलाही हाच. मला त्याला मारावंसं वाटलं. त्याऐवजी मी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर गेले, कारण मोबाइलला फक्त तिथंच रेंज यायची. दुपारचे दोन वाजले होते, धाब्याची माती चपलेतून भाजत होती.

“सुधाकर, ते आमच्याकडचं आहे.”

“काय तुमच्याकडचं?”

“तीन मुलं गेलीत. त्यातला एक माझा सख्खा भाऊ. केतकीचं देता येणार नाही, आधी तपासायला लागेल. तारीख थांबव.”

पलीकडे दवाखान्यातला पंखा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “तुला माहीत होतं?”

लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि नवऱ्याच्या मनात पहिल्यांदा हे आलं. मला ते फार लागलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, तरी लागलं.

“नाही,” मी म्हणाले.

फोन सासूबाईंनी घेतला. त्यांनी बहुधा सगळं शेजारून ऐकलं होतं. “डॉक्टरांकडे मी आत्ता जाते,” त्या म्हणाल्या. “तू केतकीला भर उन्हात आणू नकोस, चारनंतर निघ. आणि मला बोललीस त्याचं आपण नंतर बघू.”

खाली आले तर हर्षाली परत आली होती. बावीस वर्षांची, नाकीडोळी नीटस, हसली की डोळे मिटायचे. मला बघून तिनं दोन्ही हात पुढे केले.

“आत्या, बघ नं, कासारानं किती दाबलं.”

हिरव्या बांगड्या तिनं वर सरकवल्या. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या वरपर्यंत निळं-जांभळं झालं होतं. दोन्ही हातांवर. बांगडी भरताना थोडं काळंनिळं सगळ्यांचंच होतं. हे थोडं नव्हतं. चिन्मयचा पहिला डाग मी असाच पाहिला होता, पोटरीवर, क्रिकेटचा चेंडू लागला म्हणून.

मी मायकडे पाहिलं. माय सांजोऱ्या डब्यात रचत होती. दादा दारात उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी विसरणार नाही. तो माझ्याकडे हात जोडल्यासारखं बघत होता.

“उद्या सगळे हातच बघतील,” हर्षाली म्हणाली. “काय करू?”

“हळद आण,” मी म्हणाले.

तिनं वाटीत हळद आणली, मी त्यात तेल घातलं आणि तिच्या दोन्ही हातांना चोळून लावली. ती हसत होती. “आत्या, लग्नाच्या आधीच हळद लावून मोकळी झालीस.” मीही हसले.

चारच्या गाडीनं आम्ही निघालो. चिन्मयला ताप आलाय असं सगळ्यांना सांगितलं. साखरपुडा दुसऱ्या दिवशी थाटात झाला म्हणे.

तपासणीचा निकाल सात आठवड्यांनी आला. खोट चिन्मयमध्ये होती, केतकीमध्ये होती, माझ्यात होती. डॉक्टर इनामदारांनी कागदावर तीन नवे आकार काढले, एक गोल आणि दोन चौकोन, तिघांवर तिरक्या रेघा मारल्या आणि म्हणाल्या, “थोडक्यात वाचलात.” शेवटी सुधाकरचा मगज दिला, अर्धाच जुळणारा. चिन्मयनं त्यानंतर जे काढलं ते मी इथं लिहीत नाही. तो वाचला. आज तेवीस वर्षांचा आहे, संगमनेरला नोकरी करतो आणि फोन उचलत नाही. केतकी दर सहा महिन्यांनी रक्त तपासते. लग्न ठरवताना तिनं पहिल्याच भेटीत सगळं सांगायचा नियम केला. पहिला मुलगा चहा अर्धा टाकून उठला. दुसरा बसला, तोच माझा जावई.

आम्हाला कुणी विचारलं की केतकीचं का नाही घेतलं, तर आम्ही सांगायचो, ऐनवेळी जुळलं नाही. हर्षालीच्या लग्नात, मांडवात, माय कुणा सोयऱ्याला सांगत होती, “नातवाचं दुखणं जावयाकडचं. आमच्यात असं काही नही.” सासूबाई दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्षता वाटत होते. मी अक्षता वाटत राहिले.

परतीच्या गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, “शपथ लग्नापर्यंतची होती ना? झालं की आता.”

मी म्हटलं, सांगते. नवी नवरी आहे, जरा रुळू दे. मग तिला दिवस गेले. म्हटलं, पोटुशीला कशाला घाबरवू. मग मुलगी झाली, गुटगुटीत, नाव रुही. बारशाला गेले, पाळण्यात डोकावले, पोरीच्या पायांवरून हात फिरवला. एकही डाग नव्हता. म्हटलं, राहू दे. आणि याखाली आणखी एक कारण होतं. माझा हट्ट होता की हे दादानं सांगावं. चूक त्याची, तोंड त्यानं उघडावं. मी रोज त्याच्यावर रागावत होते आणि त्या रागात मला फार बरोबर असल्यासारखं वाटायचं.

रुही चार वर्षांची असताना एका सकाळी हर्षालीचा फोन आला. मी शाळेला निघाले होते, एका पायात चप्पल होती.

“आत्या, मी मुंबईला आहे. रुहीला ॲडमिट केलंय. पंधरा दिवस झाले, अंगावर डाग येत होते.” ती घाईत बोलत होती, पण आवाज स्थिर होता. “डॉक्टर आपल्या घरातल्या सगळ्या माणसांची माहिती विचारतात. त्यांनी कागदावर गोल आणि चौकोन काढलेत. मी पप्पांना विचारलं, ते म्हणतात आपल्याकडे कोणालेच काही नही. चिन्मयचं तुझ्या सासरकडून आलंय ना? आजी तसंच सांगायची. तसंच लिहू का?”

“नको,” मी म्हणाले. “पेन आहे जवळ? लिही.”

मी तिला बबी सांगितली, सहा वर्षांची. मुकुंदा, नऊ. यशवंत, पाच, तिच्या बापाचा सख्खा भाऊ. उंबरठ्यावरची अकरा बोटं सांगितली. माझा निकाल, केतकीचा निकाल, खोटीचं नाव, डॉक्टर इनामदारांचा नंबर. गणित शिकवते तसं एकेक पायरी सांगत गेले. ती मधे फक्त “हं” म्हणत होती. सगळं संपल्यावरही तिनं फोन ठेवला नाही.

“आत्या,” ती म्हणाली, “तुला कधी कळलं?”

मला धाब्यावरचा सुधाकरचा प्रश्न आठवला. तेव्हा माझ्यापाशी खरं उत्तर होतं.

“तुझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी.”

पलीकडे रुही पाणी मागत होती. हर्षालीनं तिला पाणी दिलेलं ऐकू आलं, पेल्याचा आवाज, मग तिचा.

“बांगड्या भरल्या होत्या त्या दिवशी,” हर्षाली म्हणाली. “तू माझ्या हातांना हळद लावली होतीस.”

“हो,” मी म्हणाले.